पृथ्वीवरचा मंगळ आणि एक सैल नट

दोस्तांनो, मंगळावर जायला यान लागतं. पण मंगळासारख्या दिसणाऱ्या एका जागी जायला साधी मोटार पुरते, बरं का! चला, आज तिकडेच जाऊ.

अमेरिकेतल्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटी हे मोठं शहर आहे. तिथून आग्नेयेला साडेतीनशेहून जास्त किलोमीटर गेलं, की हँक्सव्हिल नावाचं चिमुकलं गाव लागतं. वस्ती दोनशेच्या आतबाहेर. इथलं एक दुकान तर चक्क खडकाच्या पोटात कोरलेलं आहे! बाहेर पेट्रोल भरायचं आणि आत जाऊन खाऊ घ्यायचा.

गाव मागे पडलं, की तुम्ही डोळे चोळू लागाल. लाल, तांबूस, राखाडी टेकड्याच टेकड्या! झाडाचं नाव नाही. वाकून जमीन पाहा. कुणी लाह्या पसरून ठेवल्यात की काय, असं वाटेल. कोट्यवधी वर्षांपूर्वी ज्वालामुखींची राख पडली, तिची ही माती झाली. पाऊस आला की ती फुगते, चिकट होते आणि वाळली की भेगाळते. आपली काळी माती आठवली ना? दोघींचा स्वभाव अगदी सारखा!

या माळावर एक पांढरं, गोल, दुमजली घर आहे. मंगळावर राहायचा सराव करायला २००२ पासून इथं माणसं येऊन राहतात. बाहेर पडताना अंतराळवीरासारखा पोशाख घालतात. आणि इथंच, २००७ पासून, कॉलेजच्या मुलामुलींनी बनवलेल्या रोव्हर गाड्यांची स्पर्धा भरते. आपल्याकडचे मुंबईच्या आयआयटीचे आणि मणिपालचे विद्यार्थीही तिथं जाऊन आले आहेत.

रोव्हर म्हणजे दुरून चालवायची गाडी. तुमच्या रिमोटच्या मोटारीची थोरली बहीणच म्हणा ना! वजन ५० किलोच्या आत हवं. खडकांवरून चढायचं, उतारावरून उतरायचं, सामान पोचवायचं, माती तपासायची, अशी तिची कामं. गंमत पुढेच आहे. चालवणाऱ्यांना गाडी दिसत नाही! ती टेकडीपलीकडे, आणि ही मंडळी बंद जागेत पडद्यासमोर. गाडीवरचा कॅमेरा दाखवेल तेवढंच दिसणार.

आता समजा, मध्येच एक नट सैल झाला. चाक डगमगलं, गाडी कलंडली. धावत जाऊन उचलावी, तर गुण कापले जातात. मंगळावर कुठला मेकॅनिक? वर्षभराची मेहनत एका नटापायी धुळीत!

म्हणून खरी परीक्षा युटात नसते, ती घरीच आधी द्यावी लागते. तिला म्हणतात टिकाऊपणाची चाचणी. गाडी खडीवरून, वाळूतून, पायऱ्यांवरून तासन्‌तास पळवायची. वर पूर्ण वजन ठेवायचं. उंचावरून मुद्दाम उतरवायची. आपटली तर आपटू द्यायची! प्रत्येक नट-बोल्टवर रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवायची. धक्क्यांनी नट जरासा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते आणि चोर सापडतो. मग साधा नट काढून आपोआप न सुटणारा लॉकनट बसवायचा. काय मोडलं, किती वेळानं मोडलं, ते वहीत लिहायचं आणि पुन्हा पळवायची.

आपणच बनवलेली गाडी आपणच मोडायची? जिवावर येतं हो! पण घरी मोडली तर दुरुस्त होते. तिथं मोडली तर फक्त हळहळ.

मोठमोठ्या शास्त्रज्ञांचीही यातून सुटका नाही. ‘क्युरिऑसिटी’ रोव्हर ऑगस्ट २०१२ मध्ये खऱ्या मंगळावर उतरली. चाकं ॲल्युमिनियमची, पत्रा अवघा पाऊण मिलिमीटर जाड. २०१३ मध्ये फोटोंतून कळलं, की टोकदार दगडांनी चाकांना भोकं पडताहेत! कोण जाणार पॅच लावायला? मग पृथ्वीवर तशीच चाकं तशाच दगडांवरून पार फाटेपर्यंत फिरवली. ती कशी फाटतात ते कळलं, तसा गाडीचा रस्ता दगड पाहून निवडायला सुरुवात झाली. २०२१ मध्ये उतरलेल्या ‘पर्सिव्हरन्स’ला तर चाकंच जाड पत्र्याची दिली.

म्हणजे पाहा, एका चाकाचं फाटणं दुसऱ्या गाडीच्या कामी आलं.

तुमच्याकडे खेळण्यातली मोटार असेल, तर येत्या रविवारी तिला अंगणातल्या खडीवर न्या. आधी स्क्रूंवर रंगाच्या रेघा ओढा. अर्ध्या तासानं बघा, कुठली रेघ तुटली ते. आणि घरचे विचारतील, “मोडलीस ना गाडी?” तर खुशाल सांगा, “मोडली नाही, तपासली!”