पुठ्ठ्याचा सिंह

माझ्या पुतण्याच्या बँडच्या एका गाण्याचे चित्रण भिवंडीजवळ पूर्णा येथील गुदामात झाले. विषय सर्कशीचा. सिंह पुठ्ठ्याचा, खऱ्यास १९९८ च्या सरकारी आज्ञेने खेळात मज्जाव आहे. विदूषक मात्र खरा, साठी उलटलेला! विष्णुपंत छत्र्यांनी पहिली देशी सर्कस उभारली, तेव्हापासून विदूषक पडतच आला आहे. पण तंबूत एका खेळाला एकदा पडले की सुटका असे. येथे उजेड मनाजोगा साधेना, म्हणून त्यास पुनःपुन्हा पडावयास लावले. सहाव्या खेपेस तो गुडघा दाबीत उठला. खर्चाचे पैसे माझे होते. मी ‘पुरे’ म्हणू शकलो असतो. म्हटले नाही. निघताना त्यानेच मला विचारले, “साहेब, हसू आले ना?”