आराखड्यात नसलेली झाडे

आमचे शहर उत्तर कोकणच्या किनारपट्टीवर आहे. चाळीस वर्षांपूर्वी त्याला कोणी शहर म्हटले नसते. भातशेती, केळीच्या बागा, विहिरी आणि दर रविवारी पायी मिस्साला जाणारी माणसे असे त्याचे रूप होते. पुढे इमारती आल्या, माणसे आली, रिक्षा आल्या. या साऱ्या बदलांत स्टेशनकडून चर्चकडे येणाऱ्या रस्त्याने मात्र आपली सावली राखली होती. त्या रस्त्याच्या कडेला विलायती शिरिषाची अकरा झाडे होती. पावसाळी ढगांसारखा पसरलेला त्यांचा विस्तार रस्त्याच्या मध्यावर एकमेकांत मिसळत असे. साठीच्या घरातली ती झाडे कोणी लावली, हे जुन्या माणसांनाही नक्की सांगता येत नसे. त्यांच्या बुंध्यांशी भाजीवाल्या बसत, शाळा सुटल्यावर मुले थांबत आणि अंत्ययात्रा दुपारची असली तरी खांदेकऱ्यांना ऊन लागत नसे.

त्या अकरांपैकी आज चारच झाडे उभी आहेत. आठ वर्षांत सात झाडे गेली. ती का गेली, याचा विचार करताना आम्हांला एकही दुष्ट माणूस सापडला नाही. सापडली ती कामे करण्याची एक पद्धत. तिच्याविषयीच चार शब्द लिहावेसे वाटतात.

प्रथम रस्ता काँक्रीटचा झाला. तो करताना बुंध्याला अगदी भिडेपर्यंत काँक्रीट ओतले गेले. पुढच्या वर्षी दुसऱ्या विभागाने कडेने गटाराचा चर खणला आणि वाटेत आलेली मुळे जेसीबीने तोडून टाकली. त्यानंतर पाण्याच्या जलवाहिनीसाठी तोच नवा रस्ता फोडण्यात आला. मग केबलवाले आले. शेवटी पदपथावर पेव्हर ब्लॉक बसले आणि बुंध्याभोवती उरलेली वीतभर मातीही झाकली गेली. ही सर्व कामे आवश्यक होती. पाणी हवे, गटार हवे, रस्ताही हवा. पण ज्या क्रमाने ती व्हायला हवीत त्याच्या नेमक्या उलट क्रमाने ती झाली. जमिनीखालचे काम आधी आणि वरचे नंतर, एवढे तर घर बांधणाऱ्या गवंड्यालाही कळते. येथे मात्र प्रत्येक विभागाचे अंदाजपत्रक निराळे, निविदा निराळी, कंत्राटदार निराळा. त्यात मार्चअखेर निधी खर्ची पडला पाहिजे ही घाई.

झाडाची मुळे जमिनीत खोलवर सरळ गेलेली असतात, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या हात-दीड हात मातीतच असतात आणि फांद्यांच्या विस्ताराच्याही पलीकडे पसरलेली असतात. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. माती झाकली की पाणी जसे मुरत नाही तशी हवाही पोचत नाही. एका बाजूची जाड मुळे तोडली की झाडाचा आधारच जातो. त्यातच विजेच्या तारांसाठी एकाच बाजूच्या फांद्या छाटल्या की सारा भार दुसऱ्या बाजूला कलतो. असे झाड चार-पाच पावसाळे हिरवेगार दिसते आणि एखाद्या दिवशी वारा नसतानाही कोसळते.

आमच्या रस्त्यावर नेमके तेच घडले. जूनच्या एका शांत सकाळी चौथ्या क्रमांकाचे झाड मुळांसकट उन्मळून पडले. त्याखाली फुले विकणाऱ्या बाईंचा उजवा हात कोपरापासून मोडला. त्या वाचल्या, परंतु हार गुंफणारी ती बोटे पुन्हा पूर्वीसारखी वळली नाहीत. पंचनाम्यात कारण लिहिले गेले, 'नैसर्गिक आपत्ती'. उघड्या पडलेल्या बुडख्यावर यंत्राने तोडलेल्या मुळांचे सपाट काप आम्ही सर्वांनी पाहिले होते. त्यात नैसर्गिक काय होते, हा प्रश्न विचारायला मात्र कागदावर जागा नव्हती.

याच्या उलट टोकाची उदाहरणेही आहेत. २०१७ च्या जुलैमध्ये मुंबईत चेंबूर येथे नारळाचे झाड अंगावर कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला. ते झाड धोकादायक असल्याची तक्रार तेथील रहिवाशांनी आधीच केली होती, असे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. म्हणजे जे झाड वेळीच तोडायला हवे ते राहते आणि जे राखायला हवे त्याची मुळे तोडली जातात. दोन्हींच्या मागे कारण एकच: झाड प्रत्यक्ष पाहून, त्याची प्रकृती जाणून निर्णय करणारा माणूस जागेवर नसतो.

आमच्या रस्त्यावर त्या अपघातानंतर भीतीची लाट आली आणि थोड्याच दिवसांत उरलेल्या झाडांपैकी सहांवर 'धोकादायक' अशी नोटीस डकवली गेली. वाचकहो, येथे कायद्याविषयी थोडे सांगणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांसाठी वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ पासून आहे. त्यानुसार प्रत्येक नागरी संस्थेला वृक्ष प्राधिकरण नेमावे लागते, ठरावीक काळाने झाडांची गणना करावी लागते आणि झाड तोडण्यापूर्वी त्यावर नोटीस लावून नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला 'वारसा वृक्ष' ही संज्ञा दिली आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. कायदा वाचला की मन प्रसन्न होते. पण हरकतीची मुदत मोजक्या दिवसांची असते आणि नोटीस पावसात भिजून दोन दिवसांत गळून पडते.

आम्ही काही जणांनी मुदतीत हरकत नोंदवली. आमच्या धर्मग्रामातील वनस्पतिशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक सोबत आले. त्यांनी प्रत्येक झाडाची पाहणी करून टिपण तयार केले: दोन झाडांचे बुंधे आतून पोकळ झाले आहेत, ती काढणेच योग्य, चार झाडे फांद्यांचा भार कमी केल्यास आणि बुंध्याभोवतीचे काँक्रीट काढल्यास जगू शकतात. सुनावणीत आम्हांला विचारण्यात आले, "उद्या कोणी मेले तर जबाबदारी तुम्ही घ्याल का?" प्रश्न साधा नव्हता. फुलवाल्या बाई आमच्या शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझा हात झाडाने मोडला नाही, साहेब. झाडाचे पाय कोणी तोडले ते आधी लिहा." दालनात क्षणभर कोणीच बोलले नाही. अखेर दोन झाडे तोडण्याचे आणि चार राखण्याचे ठरले.

त्या चार झाडांभोवती मातीचे आळे करण्याचे आश्वासनही मिळाले. मागणी काही आमच्या मनाची नव्हती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ च्या एप्रिलमध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. आमच्याकडे दोन झाडांना आळी झाली. उरलेल्या दोहोंसाठी निधीची तरतूद पुढील वर्षी होईल, असे उत्तर आले. तोडलेल्या दोन झाडांच्या बदल्यात कायद्याच्या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास रोपे लागायला हवी होती. ती कोठे लावली म्हणून आम्ही पाहायला गेलो, तेव्हा शहराबाहेरच्या एका मोकळ्या भूखंडावर काठ्यांना बांधलेल्या वाळक्या काड्यांच्या रांगा दिसल्या. समजा, त्या सर्व जगल्या असत्या. तरी भर दुपारी चर्चच्या रस्त्याने चालणाऱ्या म्हातारीला त्यांची सावली कशी पोचणार? झाड ही वस्तू अशी आहे की ती जेथे असते तेथेच तिचा उपयोग असतो.

वेळेचे महत्त्व किती असते, हे मुंबईच्या आरे प्रकरणाने साऱ्या देशाला दाखवले. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने आणखी झाडे तोडण्यास मनाई केली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. मेट्रो हवी की नको हा वाद येथे आम्हांला घालायचा नाही. लोकलच्या दारात लोंबकळून गेलेल्या आमच्या पिढीला मेट्रोचे मोल ठाऊक आहे. पण ज्या निर्णयात माघार घेण्यास वाव नसतो, तो निर्णय तरी दिवसाउजेडी आणि सवडीने व्हावा, एवढी अपेक्षा गैर म्हणता येणार नाही.

तर मग करावे काय? आमच्या अल्प मतीला सुचते ते असे. रस्ता, गटार वा पदपथ यांचा नकाशा तयार होतो तेव्हा त्यावर विजेचे खांब दाखवलेले असतात, गटाराची झाकणे दाखवलेली असतात. झाड मात्र बहुधा दाखवलेले नसते. जे नकाशावर नाही ते मुकादमाच्या लेखी अडथळा ठरते. झाड त्याच्या मुळांच्या विस्तारासह नकाशावर आले, तर चर दोन हात बाजूने नेण्याचा विचार कागदावरच होईल. सर्व विभागांची कामे एकत्र बसून क्रमाने ठरली, तर पैसाही वाचेल. आणि आपल्याकडे सांगायचे तर, प्रत्येक धर्मग्रामात निदान दोन-तीन माणसे अशी असावीत की ज्यांना आपल्या रस्त्यावरची झाडे मोजून ठाऊक आहेत, जी नोटीस दिसताच तिची नक्कल उतरवून घेतात आणि मुदतीत हरकत पोचवून पोच घेतात. हे काम मोर्च्याइतके गाजत नाही. त्याला लागतो एक वहीचा कागद आणि कार्यालयात तासभर बसण्याची चिकाटी.

उरलेल्या दोन आळ्यांसाठी आमचा चौथा अर्ज नुकताच गेला आहे. त्यावर पहिली सही फुलवाल्या बाईंची आहे. ती त्यांनी डाव्या हाताने केली आहे.