नवी गाडी, जुना रस्ता

दसरा होऊन थोडेच दिवस झाले होते. पाळधीच्या पुढे एक मोटारसायकल जळगाव-धुळे चौपदरीच्या अगदी डाव्या कडेने चालली होती. हँडलला झेंडूची सुकलेली माळ, सीटवर अजून प्लास्टिक, वेग चाळिसाच्या आतबाहेर. मागून कंटेनर हॉर्न देत होते, पण चालवणारा तरुण मान वळवत नव्हता. त्याचं ते नेटानं हळू जाणं मला फार आवडलं.

नव्या इंजिनात सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम बारीक तिरप्या रेघा मारलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासत घासत बोअरला बसतात. नीट बसल्या की दाब निसटत नाही आणि ऑइल जळत नाही. झडलेली भुकटी पहिल्या सर्व्हिसिंगला, साधारण ५०० ते ७५० किलोमीटरला, ऑइलबरोबर बाहेर येते. ट्रेमधलं ते ऑइल उन्हात धरलं तर चमकतं. पण नुसतं हळू चालवूनही भागत नाही. रिंगांना बोअरवर दाबतो तो जळत्या वायूचा जोर, आणि थोडी रेस दिल्याशिवाय तो मिळत नाही. वेग सतत वरखाली व्हावा लागतो.

माझ्या मामांना हे कुणी शिकवलं होतं, ठाऊक नाही. त्यांची राजदूत होती, १७५ सीसी, टू-स्ट्रोक. पोलंडच्या एका गाडीच्या आराखड्यावरून एस्कॉर्ट्सने १९६२ पासून बनवायला घेतलेली. पंपावर ते स्वतः उतरायचे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळताना, गाडी नवी म्हणून, नेहमीपेक्षा थोडं जास्त ओतायचे, आणि मग आमच्या मागे निळ्या धुराचा पट्टा. तो वास मला अजून आवडतो. धुळ्याला जायचं तर मामा हायवे सोडून धरणगाव, अमळनेर असे जायचे. गाव आलं की गिअर पाडायचा, बैलगाडी दिसली की थांबायचं, मोकळं रान लागलं की जरा रेस. अमळनेरला गाडी झाडाखाली लावून ते फिन्सजवळ तळहात धरायचे आणि इंजिन निवेपर्यंत साने गुरुजींबद्दल बोलायचे. गुरुजी इथल्या प्रताप हायस्कूलचे शिक्षक. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेचा एक अध्याय सांगत, आणि गुरुजी लिहून घेत. अठरा अध्याय, अठरा रविवार, २१ फेब्रुवारी ते १९ जून. "म्हणजे ऐन उन्हाळा, भाचेबुवा," मामा म्हणायचे, "आणि तोही धुळ्याचा!" हे सांगून झालं की पुन्हा हात फिन्सकडे जायचा. गीताप्रवचनांचं पुस्तक मी पुढे वाचलं, तेव्हाही मला अमळनेरचं ते झाड आणि तापलेल्या ऑइलचा वास आठवत होता.

उन्हाळ्याचं ते खरंच आहे. मे महिन्यात जळगावचा पारा ४५च्या वर जातो. नवं इंजिन घर्षणानं आधीच जास्त तापतं, आणि हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला हवाच भट्टीची मिळाली तर ते निवणार कसं? टू-स्ट्रोकच्या काळात अशा दुपारी पिस्टन धरायचा, गाडी जागच्या जागी जाम. १९८५ मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणं हळूहळू सुटलं. ऊन मात्र तेच आहे.

आणि रस्ता बदलला. जुना सहा नंबरचा हायवे आता ५३ झाला. पूर्वी एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे अशी गावं इंजिनाला आपोआप श्वास घ्यायला लावायची. आता चौपदरीवर एकदा टॉप गिअर टाकला की तो बदलायची गरजच पडत नाही. ट्रकांसाठी हा रस्ता उत्तम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. नव्या इंजिनासाठी मात्र तो वाईट.

म्हणून पाडव्याला गाडी घेणार असाल तर एवढं ऐका. पहिल्यांदा धुळ्याला जाताना पाळधीला उजवीकडे वळा, धरणगाव-अमळनेरवरून जा, आणि ऊन चढायच्या आत निघा.