‘येते’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

मुलांनो, आज थोडं इंग्रजी शिकू या. दचकू नका! वही-पेन्सिल लागणार नाही. आणि सुरुवात तर आपण पाण्याच्या टँकरपासून करणार आहोत.

मी मूळची मुरबाडकडची. नोकरी शेजारच्या शहापूर तालुक्यात, एका पाड्यावरच्या शाळेत. तानसा, भातसा ही नावं तुम्ही भूगोलात वाचली असतील. मुंबईला पाणी पुरवणारी ही धरणं आमच्याच तालुक्यातली. तानसाचं धरण तर १८९२ सालचं! पण उन्हाळा आला की आमच्या कितीतरी पाड्यांवर प्यायचं पाणी टँकरनं आणावं लागतं. बायाबापड्या हंडे ओळीत लावून बसतात. त्यांचं बोलणं जरा कान देऊन ऐका.

“टँकर येईल.” म्हणजे वाट बघायची. खात्री कुणालाच नाही.

“टँकर येणार आहे.” म्हणजे सरपंचांनी तसं सांगितलंय.

“टँकर येतोय.” म्हणजे ड्रायव्हरचा फोन आलाय, फाट्यावरून निघालाय.

“आला, आला!” म्हणजे वळणापलीकडे हॉर्न वाजला. टँकर अजून कुणाला दिसलेलासुद्धा नाही, पण क्रियापद मात्र भूतकाळातलं!

आहे की नाही गंमत? टँकर एकच, तोही अजून यायचाच आहे. पण तो किती पक्का आहे, हे बोलणारी बाई क्रियापदातूनच सांगून टाकते. हे तिला कुणी शाळेत शिकवलेलं नसतं.

आता इंग्रजीकडे वळू या. मी शाळेत होते तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं. २००० सालापासून आपल्या राज्यात ते पहिलीपासून आलं. आम्हांला शिकवलेला नियम अगदी सोपा होता. भविष्यकाळ आला की ‘आय’ आणि ‘वुई’ यांच्यापुढे ‘शॅल’, बाकी सगळ्यांपुढे ‘विल’. पाठ करा, पेपरात लिहा, गुण मिळवा! पुढे डी.एड. होऊन मी शिक्षिका झाले, तेव्हा मीही तेच शिकवू लागले. फक्त ‘शॅल’ आता फारसं कुणी वापरत नाही, म्हणून सगळीकडे ‘विल’.

हा ‘शॅल-विल’चा नियम कुठून आला, ठाऊक आहे? जॉन वॉलिस नावाच्या एका इंग्रज गणितज्ञानं १६५३ साली इंग्रजीचं व्याकरण लिहिलं, तेही लॅटिन भाषेत. त्यात त्यानं हा नियम मांडला. तेव्हा आपले शिवाजी महाराज तेवीस वर्षांचे होते! गणितात अनंतासाठी आडवा आठ काढतात ना, ती खूणही पहिल्यांदा वापरली ती याच वॉलिसनं.

आता मी केलेली एक चूक सांगते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची सुट्टी जवळ आली होती. मी पाचवीच्या मुलांना सांगितलं, “दिवाळीनंतर तुम्ही काय करणार, यावर इंग्रजीत पाच वाक्यं लिहा. प्रत्येक वाक्याला एक गुण.” मुलांनी झटपट लिहिलं. कुणी मामाच्या गावाला जाणार होतं, कुणी म्हशाच्या जत्रेला. सगळीकडे ‘आय विल गो, आय विल गो’. मी बरोबरच्या खुणा करत चालले होते. एका मुलीच्या वहीत वाक्य होतं, ‘आय ॲम गोइंग टू भट्टी आफ्टर दिवाळी.’

मी लाल पेनानं ‘ॲम गोइंग’ खोडलं आणि वर ‘विल गो’ लिहिलं. पाचपैकी चार गुण.

ती वही घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, “बाई, ‘विल गो’ म्हणजे ‘जाईन’ ना?”

“हो.”

“पण बाई, आम्ही जातोय.”

“अगं, दिवाळी अजून व्हायचीय ना? मग तो भविष्यकाळ. तिथे ‘विल’च येणार,” मी म्हटलं. ती काही बोलली नाही. जागेवर जाऊन बसली.

तुमच्यापैकी काहींना भट्टी म्हणजे काय ते माहीत नसेल. आमच्याकडे भातशेती पावसावर होते. भात कापून झालं की गावात काम राहत नाही. मग पाड्यांवरची अनेक कुटुंबं मुलाबाळांसह भिवंडी, कल्याण, वसईकडे वीटभट्टीवर कामाला जातात. तिथेच झोपडी बांधून राहतात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. भट्टीच्या मालकाकडून पैसे मात्र आधीच घेतलेले असतात. त्याला ‘उचल’ म्हणतात. भर पावसाळ्यात घरातलं धान्य संपतं, तेव्हा ही उचल घेतली जाते. मग दिवाळीनंतर जाऊन ती कामानं फेडायची.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमचं इंग्रजीचं प्रशिक्षण होतं. शिकवणाऱ्या सरांनी फळ्यावर एक क्रियापद लिहिलं, ‘गो’. म्हणाले, “याची सगळी रूपं सांगा.” आम्ही सांगितली : गो, गोज, वेंट, गॉन, गोइंग. “यातलं भविष्यकाळाचं कोणतं?” सगळे गप्प! मुलांनो, तुम्हीही शोधा. मराठीत कशी मोठी रांग आहे : जाईन, जाशील, जाईल, जाऊ, जाल, जातील. इंग्रजीत तसं एकही रूप नाही. म्हणूनच पुष्कळ भाषातज्ज्ञ म्हणतात, की क्रियापदाची रूपं पाहिली तर इंग्रजीत काळ दोनच, वर्तमान आणि भूत.

मग इंग्रज माणूस उद्याचं बोलतो तरी कसं? तो इकडून तिकडून शब्द उसने आणतो.

‘विल’ या शब्दाचा जुना अर्थ ‘इच्छा असणे’. आजी-आजोबा वकिलाकडे जाऊन ‘विल’ करतात ना, तेच हे. मराठीत त्याला इच्छापत्र म्हणतातच की! ‘शॅल’चा जुना अर्थ तर ‘देणे लागणे, बांधील असणे’. म्हणजे एकात इच्छा, दुसऱ्यात कर्ज.

‘गोइंग टू’ म्हणजे मुळात ‘करायला चाललोय’. खूण डोळ्यांपुढे दिसत असेल, तर हे वापरतात. माहुली किल्ल्यावर काळे ढग उतरले, वारा सुटला, की इंग्रज म्हणेल, ‘इट इज गोइंग टू रेन!’ आपणही म्हणतो, “पाऊस पडणार बरं का आता!”

वेळापत्रकात छापलेलं असेल, तर साधा वर्तमानकाळ. आसनगाव स्टेशनात उभं राहून आपण म्हणतो, “गाडी सहाला सुटते.” इंग्रजीतही तसंच, ‘द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स.’ आमच्या मुरबाडला मात्र हे वाक्य अजून म्हणता येत नाही. “मुरबाडला रेल्वे येणार, येणार” हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्या ‘येणार’ची ‘येते’ कधी होते, ते बघायचं!

आणखी एक. ‘पाऊस पडल्यावर आम्ही पेरू’ हे इंग्रजीत सांगताना ‘व्हेन’च्या पुढे ‘विल’ लावत नाहीत. ‘व्हेन इट रेन्स, वुई विल सो.’ पाऊस पडायचाय, तरी तिथे वर्तमानकाळ! हसू नका. आपण तर म्हणतो, “पाऊस पडला की पेरू.” आपला तर थेट भूतकाळ!

शेवटी सर म्हणाले, “आणि सगळं आधीच ठरलेलं असेल, तिकीट काढलंय, पिशवी भरलीय, तर इंग्रज सहसा ‘आय विल गो’ म्हणत नाही. तो म्हणतो, ‘आय ॲम गोइंग.’”

माझ्या डोळ्यांपुढे ती वही आली.

तिच्या घरी श्रावणातच उचल घेतली होती आणि ती खर्चूनही झाली होती. ट्रक कोणत्या दिवशी येणार, तेही ठरलं होतं. त्यात तिची इच्छा कुणी विचारली नव्हती. मग ती ‘विल’ कशाला लिहील? तिनं खरं तेच लिहिलं होतं, आणि मी ते लाल पेनानं खोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिची वही मागून घेतली. वर्गासमोर सांगितलं, की हिचं वाक्य बरोबर होतं, चूक बाईंची होती. चाराचे पाच गुण केले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. ती लाजली, पण खूश झाली असं काही मला वाटलं नाही. वाक्य बरोबर ठरलं तरी भट्टी काही टळत नव्हती ना!

संध्याकाळी तिच्या घरी गेले. “हिला इथेच ठेवता येईल का?” असं विचारलं. आई म्हणाली, “कुणापाशी ठेवू, बाई? आजीपण आमच्यासंगंच येते.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०१० सालापासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला गाव सोडावं लागलं, तरी तिकडच्या शाळेत बसता येतं. त्यासाठी आपल्याकडे शिक्षण हमी कार्ड देतात. ते मी भरून तिच्या वडिलांच्या हातात दिलं आणि जवळच्या शाळेत नाव घाला म्हणून पुन्हा पुन्हा सांगितलं.

ट्रक यायच्या आदल्या दिवशी ती शाळेत आली. जाताना दारात थांबून म्हणाली, “येते, बाई.”

आपण निघताना ‘जाते’ म्हणत नाही, नाही का? ‘येते’ म्हणतो. पाय बाहेर पडतो आणि तोंडात परत यायचं असतं. तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं विचारलं, “बाई, ‘येते’ला इंग्रजीत काय म्हणायचं?”

मी विचारात पडले. ‘आय ॲम कमिंग’ म्हटलं तर इंग्रज माणूस दाराकडे बघत राहील, की ही कुठून येतेय! मग म्हटलं, “‘आय विल कम बॅक’ म्हण. इथे मात्र ‘विल’च हवं. त्याचा जुना अर्थ इच्छा. मला यायचंय, असा.”

तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं आणि गेली.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिले काही दिवस तिची जागा रिकामीच होती. मग एका सकाळी, पाऊस सुरू झाल्यावर, ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी. “आले, बाई.” तिकडच्या शाळेत ती काही दिवस बसली, काही दिवस भावाला सांभाळायला झोपडीतच राहिली. बरंच विसरली होती. आम्ही पुन्हा शिकायला लागलो.

तेव्हापासून ‘तुम्ही पुढे काय करणार?’ असं लिहायला दिलं, की मी लगेच लाल पेन उचलत नाही. आधी विचारते, “हे ठरलंय, की तुला तसं हवंय?” दोन्हींचं इंग्रजी वेगळं असतं. पालकांनो, तुम्हीही मुलांना एकदा विचारून बघा.

आणि मुलांनो, तुम्हांला घरचा अभ्यास! एक दिवस घरातली, बसमधली, दुकानातली माणसं उद्याचं कसं बोलतात ते ऐका. ‘येईल’ किती, ‘येणार’ किती, ‘येतोय’ किती, आणि न आलेलंच ‘आलं’ किती? वहीत टिपून ठेवा आणि शाळेत आपल्या बाईंना किंवा गुरुजींना दाखवा. मग दोघं मिळून त्यांचं इंग्रजी करून पाहा. चुकलं तर चुकलं. माझंही चुकलं होतं!