चेनला ढील हवी!

मी चिमूरचा. शिकलो कॉन्व्हेंटात. गाडीचं मॅन्युअल इंग्रजीतून घडाघडा वाचतो, पण समजलं ते मिस्त्रीमुळेच!

गेल्या दिवाळीत सेकंडहँड एक्सपल्स घेतली. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८. लगेच नॉबी टायर, हँडलला रायझर, हातांना गार्ड. सगळा खर्च दिसण्यावर! जुनी चेन मात्र तीच ठेवली आणि बाबांच्या स्प्लेंडरपेक्षाही घट्ट ताणली.

कोलाऱ्याहून परतताना एका खड्ड्यात ती तुटली. दिवस मावळलेला, बाजूला ताडोबाचं जंगल, मोबाइलला रेंज नाही. दीड क्विंटलची गाडी ढकलत आधी शाळेतली प्रेयर म्हटली, मग मारुतीला हाक मारली. घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. रागावली नाही. तेच जास्त लागलं.

मिस्त्री म्हणाला, "हे का स्प्लेंडर हाय का बे? बस गाडीवर." मी बसलो आणि ढिली दिसणारी चेन ताणली गेली. या गाडीचं मागचं चाक १७० मिलिमीटर वर-खाली होतं. तेवढ्या हालचालीला चेनमध्ये ढील लागते. नाहीतर चेन, स्प्रॉकेट, बेअरिंग सगळ्यांवर ताण!

आता चिखलातून आलो की चेन रॉकेलने पुसून तेल देतो, स्पोक चाचपतो, एअर फिल्टर पाहतो. नवीन काही बसवायचं ते नंतर.

असो. हल्ली निघताना आई "जेवलास का?" नंतर विचारते. आधी विचारते, "चेन पाह्यली का?"