फोटोत न दिसलेला आजार

धाकट्या भावाच्या आजाराविषयी या पानावर लिहावे की नाही, यावर आम्हा भावंडांत बरेच दिवस खल झाला. शेवटी तोच म्हणाला, "लिहा, फक्त माझे नाव टाकू नका." म्हणून हा प्रपंच.

२०१८ सालच्या पावसाळ्यात त्याची झोप उडाली. कारखान्यातून आला की दार लावून बसायचा. शेजारचे भिंतीआडून आपल्याविषयी बोलतात, म्हणायचा. ती खोली तर वर्षभर कुलूपबंद होती! आत्याने देवऋषाचे नाव काढले, ते आईने साफ उडवून लावले. मामा म्हणाले, "मेंदूचा फोटो काढा, काय ते एकदाचे कळेल." आम्हाला पटले. खरे सांगायचे तर आजार कागदावर उमटलेला आम्हाला हवा होता. चार लोकांना दाखवता आला असता.

सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरबाईंनी एम.आर.आय. लिहून दिला, गोळ्याही सुरू केल्या. म्हणाल्या, "मनाचा आजार यात दिसत नाही. गाठ, रक्तस्राव, जंतांचे कोष मेंदूत असले तरी माणूस असा वागतो. ते नाही ना, एवढेच पाहायचे." आम्ही हे अर्धेच ऐकले. तिथे नंबर लांबचा, म्हणून आईची कानातली फुले गहाण ठेवून बाहेर फोटो काढला.

भाऊ यंत्रात शिरायला तयार होईना. ते आपल्या मनातले वाचील, ही त्याची भीती. तिथला मुलगा समजूतदार होता. "दादा, याला विचार दिसत नाहीत, आकार दिसतो." मग तो त्या ठकठकाटात अर्धा तास निपचित पडून राहिला.

अहवाल नॉर्मल आला. मामा म्हणाले, "म्हणजे सोंगच! कामावर धाडा." आणि आम्हीही त्याला तसेच बोललो. गोळ्या बंद केल्या. दहाव्या रात्री तो घरातून निघून गेला. पहाटे स्टेशनाच्या बाकावर सापडला, अनवाणी.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, याचीच आम्हाला जास्त लाज वाटली. त्यांनी समजावले : १९७६ साली लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात स्किझोफ्रेनियाच्या जुन्या रुग्णांचे सी.टी. स्कॅन काढले, तेव्हा मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या निरोगी माणसांपेक्षा सरासरीने मोठ्या आढळल्या. पुढेही असे फरक पुष्कळ सापडले. पण ते गटागटांतले. पुरुष बायकांहून सरासरीने उंच असतात. म्हणून नुसती उंची मोजून समोर पुरुष आहे की बाई, हे सांगता येते का? एकट्या माणसाच्या फोटोवरून स्किझोफ्रेनिया किंवा नैराश्य ठरवण्याची खात्रीची रीत आजही दवाखान्यात आलेली नाही. पुढे आम्ही असेही वाचले की, मेंदूच्या हालचालींचे तेच ते स्कॅन ७० संशोधक गटांना दिले, तर त्यांचे निष्कर्ष जुळले नाहीत. हे २०२० साली प्रसिद्ध झाले.

भावाचे निदान झाले ते बोलण्यातून. आवाज कधीपासून, झोप किती, घराण्यात आणखी कोणाला, असे तासभर विचारले. आमच्यातल्या कोणी त्याला इतका वेळ दिला नव्हता.

आता तो गोळ्या घेतो, एका दुकानात हिशेब लिहितो. आवाज पूर्ण गेलेले नाहीत. फुले दोन वर्षांनी सोडवली. ती फिल्म अजून ट्रंकेत आहे. परवा आवराआवरीत त्याने ती खिडकीच्या उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि आईला विचारले, "रद्दीवाला हे घेतो का गं?"