कावड

संगमेश्वर,
फेब्रुवारी २०२३

ती. अक्कास,


तुझ्या लेकाचं काम बघून परवा परतलो. तो किती उंच चढतो, हे तू फोनवर तीनदा विचारलंस आणि मी तिन्ही वेळा तिथल्या जेवणाचं सांगत बसलो. म्हणून हे पत्र.

आपल्या संगमेश्वरातनं जाणारा हायवे, आता ६६ नंबरचा, आपल्या तोंडी अजून सतराच, तोच खाली गोव्यात आगशीहून कुठ्ठाळीला जाताना झुआरी ओलांडतो. नवा पूल आठ पदरी. चार पदर २९ डिसेंबरला सुरू झाले, उरलेल्या चारांवर तुझा लेक.

सगळे त्याला झुलता पूल म्हणतात. मीही म्हटलं, तर भाचा हसला. लक्ष्मणझुल्याला मोठा दोर असतो, वाळत घालायच्या दोरीसारखा सैल, आणि रस्ता त्याला टांगलेला. इथे मनोऱ्यापासून एकेक केबल सरळ तिरपी खाली येते नि रस्त्याची कड धरते. असा केबलवाला भाग ६४० मीटरचा. केबल म्हणजे नळीत भरलेले कितीतरी दोर, आणि त्यातला प्रत्येक सात तारांचा पीळ.

मी अडकलो ते मात्र दुसरीकडेच. असले पूल बांधताना रस्ता मनोऱ्याच्या दोन्ही अंगांनी पुढे सरकवत नेतात. इकडे तुकडा बसला की तिकडेही तेवढाच बसवायचा. एक बाजू जड झालेली चालत नाही. "अरे, ही तर कावड!" मी ओरडलोच. आपले नाना कावडीने विहिरीवरनं पाणी आणायचे, आणि एकदा मी मागच्या हंड्याला लोंबकळलो. पुढचा तुझ्या पायावर आला. तुझ्या अंगठ्याचं नख अजून वाकडं आहे ना?

मापं पहाटे घेतात म्हणे. ऊन चढलं की पोलाद लांबतं, मग मोजलेलं फसवतं.

त्याने मला टोकापर्यंत नेलं. डोक्यावर टोपी, अंगात पट्टे. पुढे रस्ताच नाही, खाली पाणी, आणि समोरून येणारं दुसरं टोक. मला पऱ्यावरचा साकव आठवला. दोन पोफळीचे ओंडके, धरायला एक बांबू, आणि तू पुढे: "पाण्याकडे बघू नको, माझ्या वेणीकडे बघ." हल्ली सिमेंटचा बांधतात त्यालाही साकवच म्हणतात, पण तो हलत नाही, मजा गेली. तर तुझा लेक माझ्यापुढे उभा राहिला नि न बघता एक हात मागे केला. अगदी तुझ्यासारखा.

तुझी भीती मला कळते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीचा पूल दोन एसट्यांसकट गेला, तेव्हापासून तू शास्त्री पुलावर डोळे मिटून बसायचीस. तोही इंग्रजांच्या वेळचाच. सावित्रीवर नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. सोनवीवरच्या नव्या पुलाकडे मी रोज बघतो, त्याबद्दल न लिहिलेलं बरं.

उंचीचं राहिलंच. तो म्हणाला, "मामा, आईला सांगू नका." तेव्हा सांगत नाही. शिमग्याला येतोय, समक्ष विचार. नानांच्या कावडीचा दांडा माळ्यावर आहे, तो त्याला बघायचाय. कुठे ठेवलाय ते तुलाच माहीत, तेव्हा पालखीच्या आधी दोन दिवस ये.

तुझा,
बाळू